उतारशाळेचा रक्षक : 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचताना

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका वयोवृद्ध गृहस्थांच्या अंत्यविधीच्या मिस्सात आम्ही प्रवचन केले. गृहस्थ खरोखरीच मोठ्या मनाचे होते. वाडीत कुणी आजारी पडले की रात्री-अपरात्री तेच धावत. कामाच्या शोधात आलेला पोरका मुलगा असो की मुलांनी घराबाहेर काढलेला म्हातारा असो, हाताला धरून ते त्याला आपल्या घरी आणीत. साहजिकच आम्ही चांगल्या शोमरोन्याचा दाखला दिला. लोकांचे डोळे पाणावले आणि प्रवचन चांगले झाल्याचे समाधान घेऊन आम्ही घरी परतलो.

सातव्या दिवसाच्या मिस्सानंतर त्यांच्या घरी भेटीस गेलो. त्यांच्या पत्नीने चहाचा कप पुढे ठेवला आणि त्या म्हणाल्या, "फादर, प्रवचन चांगलं झालं. तुम्ही सांगितलंत ते सगळं खरं. हे माणसं आणायचे. भात मी टाकायचे."

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, कडवटपणाही नव्हता. हिशेबाच्या वहीत राहून गेलेली एक ओळ त्यांनी लिहून दिली, इतकेच. पण ती ओळ आमच्या मनातून जाईना. घरी येऊन आम्ही लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय पुन्हा उघडला. याजक जातो, लेवी जातो, शोमरोनी थांबतो. तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत आणतो. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या रक्षकाच्या हातावर दोन दिनार ठेवतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. दिनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी. त्यानंतर त्या जखमी माणसाच्या उशाशी कोण बसले? पट्ट्या कोणी बदलल्या? पेज कोणी भरवली? शुभवर्तमान याविषयी काही सांगत नाही, आणि इतक्या वर्षांच्या प्रवचनांत आम्हीही कधी विचारले नाही. दाखल्यातला हा शेवटचा माणूस आमच्या नजरेतून सुटला होता.

हा माणूस मराठी साहित्यात कुठे भेटतो, असा विचार करता करता आम्ही कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' काढले. सेमिनरीत असताना ते आम्ही प्रथम वाचले होते. पण ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांसाठी. एक विद्वान ब्राह्मण कवी ख्रिस्ताला कसा शरण गेला, हे आम्हांला जाणून घ्यायचे होते, आणि लक्ष्मीबाईंकडे आम्ही केवळ त्या कथेच्या सांगणाऱ्या म्हणून पाहिले. या खेपेस उलटे झाले. टिळक शोमरोन्यासारखे येत-जात राहिले आणि आमची नजर खिळली ती उतारशाळेच्या रक्षकावर.

नव्या वाचकांसाठी थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. शाळा त्यांनी पाहिली नाही. अक्षरओळख झाली ती नवऱ्याकडून. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाईंना कित्येक वर्षे नातलगांच्या आश्रयाने काढावी लागली. पुढे त्या नवऱ्याजवळ राहावयास गेल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. लक्ष्मीबाई त्यानंतर सतरा वर्षे जगल्या. मुलाच्या आग्रहावरून लिहिलेल्या त्यांच्या आठवणी १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाल्या आणि त्या क्षणापासून मराठी आत्मचरित्रांत त्यांचे स्थान अढळ झाले. ज्या तरुण वाचकांना इंग्रजी अधिक सोयीचे वाटते, त्यांच्यासाठी शांता गोखले यांनी केलेला अनुवाद २०१७ साली आला आहे. तरीही मूळ मराठी वाचावे, असा आमचा आग्रह राहील. कारण या पुस्तकाचा आत्मा त्याच्या बोलीत आहे.

टिळक प्रॉटेस्टंट पंथाचे होते. कॅथलिक नियतकालिकात त्यांच्या घरची कथा कशाला, असे कुणी विचारील. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आपला हुकूमनामा काढला आणि विभक्त बांधवांच्या जीवनात ख्रिस्ताची जी कृपा दिसते तिचा आनंदाने स्वीकार करण्यास आपल्याला शिकविले. आपली मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची परंपरा आपण १६१६ साली राशोल येथे छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'पासून मोजतो आणि तो अभिमान रास्तच आहे. पण पुराणात देवाची थोर कृत्ये येतात. ती कृत्ये चुलीपाशी, पाण्याच्या हंड्यापाशी, आजाऱ्याच्या खाटेपाशी कशी उतरतात, हे पाहायचे तर आपल्याला लक्ष्मीबाईंच्याच ओसरीवर जाऊन बसले पाहिजे.

या पुस्तकात श्रद्धा येते ती स्वयंपाकघराच्या दाराने, ही आमच्या मते त्याची सर्वांत लक्षणीय गोष्ट होय. लक्ष्मीबाईंचे बालपण वडिलांच्या सोवळ्याच्या सावलीत गेले. १८५७ च्या धामधुमीत घरावर कोसळलेल्या आघातानंतर वडिलांना सोवळ्याने जणू झपाटले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे. ही हकीकत लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात, परंतु त्या हसण्याच्या तळाशी एक भय आहे. दुसऱ्या माणसाचा स्पर्श म्हणजे संकट, हा धडा त्या मुलीने अक्षरांच्या आधी गिरविला होता. म्हणून नवऱ्याच्या घरी पुन्हा आल्यावरही त्यांनी आपली चूल आणि आपले पाणी निराळे ठेवले. टिळकांनी सक्ती केली नाही. वादविवादात कुणालाही हार न जाणाऱ्या त्या पंडिताने आपल्याच घरात वाट पाहिली. टिळकांच्या चरित्रातील हा भाग त्यांच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा आम्हांला मोठा वाटतो.

आणि मग एके दिवशी लक्ष्मीबाईंनी स्वतःलाच विचारले : जात देवाने केली की माणसाने? उत्तर त्यांचे त्यांनाच मिळाले, आणि त्या घडीपासून त्यांनी कुणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरविले. वाचकांनी येथे क्रम लक्षात घ्यावा. बाप्तिस्मा नंतर आला. आधी शेजाऱ्याच्या हातचे पाणी आले. आम्ही सेमिनरीत श्रद्धेची तत्त्वे आधी शिकलो आणि शेजारप्रीती हा त्यांचा परिणाम म्हणून शिकलो. लक्ष्मीबाईंच्या जीवनात शेजारी हाच श्रद्धेचा उंबरठा ठरला. त्या उंबरठ्यावरून पाय आत टाकल्यावर ख्रिस्त तेथे उभाच होता.

पाण्याचा हा प्रसंग वाचताना आम्ही अस्वस्थ झालो. कारण आपल्यातही अशी चूल निराळी आहे. या गावचे आणि त्या गावचे, या जातीचे आणि त्या जातीचे, मूळचे आणि वसतीला आलेले, असे भेद आपण एकाच पवित्र भोजनाला बसून, एकच ख्रिस्तशरीर स्वीकारून, चर्चच्या पायऱ्या उतरताच पुन्हा अंगावर चढवितो. घरकामाला येणाऱ्या बाईसाठी फळीवर वेगळा कप ठेवलेली ख्रिस्ती घरे आम्ही आशीर्वाद द्यायला गेलो असता पाहिली आहेत. तो कप पाहून आम्ही काही बोललो नाही, हेही येथे कबूल केले पाहिजे.

आता उतारशाळेकडे वळू. टिळक हे फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहेत; पण घरच्यांना ते एक वादळ म्हणून ठाऊक होते. पैसा त्यांच्या हातात ठरत नसे. कुणाची गरज दिसली की खिसा रिकामा होई, आणि घरात काय शिल्लक आहे याची चौकशी न करता ते माणसे घरी आणीत. त्या घरात पाहुणे राहिले, विद्यार्थी राहिले, अनाथ मुले राहिली. कवी ठोमरे म्हणजे आपले बालकवी अहमदनगरला टिळकांकडे येऊन राहिले आणि लहान मुलासारख्या रुसणाऱ्या त्या तरुणाला लक्ष्मीबाईंनी पोटच्या मुलासारखे सांभाळले. प्लेगच्या दिवसांत, जेव्हा सख्खी माणसे एकमेकांना टाकून पळत होती, तेव्हा ज्या बाईला लहानपणी परक्याचा स्पर्श म्हणजे विटाळ असे शिकविले होते तिने परक्या रोग्यांची शुश्रूषा केली. शोमरोन्याने निदान दोन दिनार तरी ठेवले होते! टिळकांच्या उतारशाळेत पुष्कळदा तेही नसत.

येथेच लेखिकेची थोरवी दिसते. दुसरी कोणी असती तर तिने नवऱ्याला संत करून देव्हाऱ्यात बसविले असते, किंवा मग त्याच्यावर फिर्याद केली असती. लक्ष्मीबाई दोन्ही टाळतात. नवऱ्याचा शीघ्रकोप त्या लपवीत नाहीत. त्याचा अव्यवहारीपणा सांगताना त्यांची लेखणी खट्याळ होते. आपण चिडलो, भांडलो, हटून बसलो, हेही त्या सांगतात. आणि इतके सगळे सांगून झाल्यावर वाचकाच्या मनात उरते ते त्या दोघांचे एकमेकांवरील प्रेम आणि त्या घराचे सताड उघडे दार. राग सांगितल्याने प्रेम कमी होत नाही, उलट ते विश्वसनीय होते, हे या पुस्तकाइतके स्पष्टपणे आम्हांला दुसऱ्या कोणत्याही मराठी ख्रिस्ती ग्रंथाने शिकविले नाही.

या ठिकाणी आम्हांला लिझ्यूच्या संत तेरेजाची आठवण होते. दोघी जवळजवळ समकालीन. तेरेजाचा जन्म १८७३ चा. दोघींनीही दुसऱ्यांच्या सांगण्यावरून आठवणी लिहिल्या. तेरेजाने मठातील वरिष्ठांच्या आज्ञेवरून लिहिलेले 'एका आत्म्याची कथा' हे तिच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, १८९८ साली, छापले गेले. दोघींचाही मार्ग लहान गोष्टींचा. चिडखोर वृद्ध भगिनीला हात धरून भोजनगृहात नेणे, नकोशा वाटणाऱ्या भगिनीकडे पाहून हसणे, ही तेरेजाची मोठी कृत्ये. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेची पंडिता म्हणून गौरविले, ते याच लहान मार्गासाठी.

पण एक फरक आहे. तेरेजा आपला त्रास हास्याआड झाकते आणि तो केवळ देवाला सांगते. लक्ष्मीबाई आपला त्रास अंगणात आणून सर्वांसमोर हसतात. पहिला मार्ग मठाला शोभणारा आहे. संसारी माणसाला दुसरा अधिक उपयोगी आहे, असे आमचे मत झाले आहे. ज्या घरात तीन पिढ्या दोन खोल्यांत राहतात, जेथे सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत आणि नोकरीहून आल्यावर सुनेला त्यांचे सर्व करावयाचे आहे, तेथे आम्ही तिला केवळ मूकपणे हसत राहावयास सांगितले तर ते ओझे होईल. लक्ष्मीबाई तिला सांगतील की दमलीस तर दमले म्हण, चिडलीस तर चिड, नंतर त्या चिडण्याला हस आणि पुन्हा पेज ढवळायला लाग. मराठीत ज्याला आपण चिवटपणा म्हणतो तो हाच. तो दगडासारखा नसतो, दोरासारखा असतो. वाकतो, पिळला जातो, पण तुटत नाही.

हा चिवटपणा त्यांच्या भाषेतही उतरला आहे. वाक्ये लहान, शब्द घरातले, उपदेश जवळजवळ नाहीच. आम्हा धर्मगुरूंना हे वाचताना आपल्या लेखनाची लाज वाटल्याशिवाय राहत नाही. आम्ही 'त्याग', 'समर्पण', 'सेवाभाव' असे जड शब्द सढळ हाताने वापरतो आणि प्रसंग मात्र हातचा राखून ठेवतो. लक्ष्मीबाई प्रसंग देतात आणि शब्द वाचकावर सोपवितात. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, हा पराक्रमही लहान नव्हे. पण ख्रिस्ताचे चरित्र त्यांनी त्या काव्यात अधिक लिहिले की 'स्मृतिचित्रे'मध्ये, असा प्रश्न आम्हांला पडतो. आमचे उत्तर वाचकांनी ओळखले असेलच.

समीक्षकाने उणिवाही सांगितल्या पाहिजेत. टिळकांच्या मृत्यूनंतरचा भाग आधीच्या इतका भरीव नाही. घरातले वादळ शमले आणि कथनातला वाराही पडला असे वाटते. दुसरे असे की, लक्ष्मीबाईंच्या प्रार्थनेविषयी वाचकाला थोडेच कळते. कॅथलिक वाचकाला येथे संस्कारांची, विशेषतः मिस्साबलिदानाची, पोकळी जाणवेल. इतकी माणसे पोसणारी ही बाई स्वतः कोणत्या भाकरीवर पोसली गेली, हे तिने उघड करून सांगावयास हवे होते. तिसरी उणीव अधिक गंभीर आहे. ज्यांच्या हातचे पाणी लक्ष्मीबाईंनी स्वीकारले, त्यांना त्या पाण्याविषयी काय वाटले? पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांचा स्वतःचा आवाज या पुस्तकात क्षीण आहे. हा दोष एकट्या लक्ष्मीबाईंचा नव्हे, तो त्या काळाचा आहे. पण आजच्या वाचकाने ती रिकामी जागा लक्षात ठेवूनच पुस्तक मिटावे.

या उणिवा मान्य करूनही हे पुस्तक आपल्या प्रत्येक घरात असावे असे आम्हांला वाटते, आणि त्याचे कारण आम्ही आरंभी सांगितलेल्या त्या एका वाक्यात आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली पावित्र्याविषयी लिहिताना शेजारच्या घरात राहणाऱ्या संतांचा उल्लेख केला, आणि २०२० च्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रकाचा दुसरा अध्याय त्यांनी चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यालाच वाहिला. शोमरोन्यालाही उतारशाळेची गरज लागली, कारण सारी मदत त्याला एकट्याला करता येणारी नव्हती, हे त्याच परिपत्रकात त्यांनी लक्षात आणून दिले आहे. संत ऑगस्टीन यांनी तर उतारशाळा म्हणजे ख्रिस्तसभा असाच अर्थ लावला होता. तो अर्थ आम्ही परीक्षेत लिहून गुणही मिळविले आहेत. मात्र त्या उतारशाळेत रात्रीचा दिवा कोण जळता ठेवतो, हे आम्हांला परीक्षेत कुणी विचारले नव्हते.

२०२० च्या टाळेबंदीत आमच्या धर्मग्रामाने गरजूंना जेवण पोहोचविले. डबे वाटणाऱ्या तरुणांची छायाचित्रे आम्ही सूचनाफलकावर लावली. पहाटे चारला उठून त्या डब्यांसाठी पोळ्या लाटणाऱ्या स्त्रियांचे एकही छायाचित्र आमच्याजवळ नाही. ते काढावे असे त्या वेळी कुणाला सुचलेच नाही, आणि आम्हांलाही सुचले नाही. 'स्मृतिचित्रे' हे अशा न काढलेल्या छायाचित्रांचे पुस्तक आहे.

या त्रैमासिकाच्या लेखकवर्गालाही एक विनंती करावीशी वाटते. आपल्या पानांवर दिवंगतांची स्मृतिलेखने येतात. ती बहुधा एकाच साच्यातली असतात : मनमिळाऊ, दानशूर, प्रार्थनाशील. यापुढे लिहिताना त्या दानाची भाकरी कोणी भाजली हेही एका ओळीत लिहावे. कधी भांडण झाले असेल तर तेही लिहावे. त्याने दिवंगताचा मान कमी होणार नाही. वाचणाऱ्याला मात्र धीर येईल की अशा भांडणाऱ्या, दमणाऱ्या घरांतूनही देवाचे राज्य चालते.

आम्ही स्वतः काय केले, तेही सांगतो. त्या वर्षी चांगल्या शोमरोन्याचे शुभवर्तमान मिस्सात आले, तेव्हा आम्ही प्रथमच उतारशाळेच्या रक्षकावर बोललो. त्या गृहस्थांच्या पत्नी नेहमीप्रमाणे डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या. मिस्सानंतर त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्यांच्याकडून एक डबा आला. आम्ही झाकण उघडले. आत भात होता, वाफ अजून गेली नव्हती.